जन्मतारखेचा रकाना

चौतीस वर्षं मी पोरांच्या जन्मतारखा ठरवल्या.
वडणग्याच्या शाळेत, जाड रजिस्टरात, निळ्या शाईनं.
"कधीचा हो हा?" विचारलं की आया सांगायच्या,
पूर आला तवाचा.
थोरल्या जावंनं चूल येगळी मांडली, त्याच्या मागनं.
गुऱ्हाळ लागलं हुतं, पयलं आदाण उतरलं
आन मला कळ आली.
मी मान हलवायचो
आणि लिहायचो : एक जून.

कुंभाराची तानूबाई एक जून.
तिच्याहून दीड वर्षानं मोठा लव्हाराचा बंडू, तोही एक जून.
आता रिटायरही एकाच दिवशी होतात,
एकतीस मेला, नारळ आणि शाल घेऊन.

परवा ओट्यावर नात चांदणी बांधत होती,
कळकाच्या काड्या, पतंगाचा लाल कागद, हातभर खळ.
"आजोबा, पंचवीस तारीख कुठं लिहिलीय?"

कुठंच नाही, रिबेका.
नावनिशी झाली होती, ते खरं.
कैसराचा कारकून बसला असेल दिवसभर,
नाव, बापाचं नाव, मूळ गाव.
जन्मतारखेचा रकाना त्यानं आखलाच नव्हता.

पाळकसाहेब सांगतात, रोममध्ये त्या सुमारास सूर्याचा सण असायचा,
आपल्या लोकांनी त्याच दिवशी आपला दिवा लावला असेल.
नाहीतर कुणी बोटं मोजली असतील :
मार्चच्या पंचवीसला देवदूत आला असं धरा,
तिथून नऊ महिने.
यावर आमची सुलोचना हसते.
मिशनच्या दवाखान्यात हयात गेली तिची.
"दिलेल्या तारखेला बाळंत झालेली बाई
मी अजून बघितली नाही," म्हणते, आणि करंजीची कड दुमडते.

मला आपला तिथं एक मास्तर दिसतो.
समोर बाया-बापे, साक्षीला आलेले :
रात्र होती. उतारशाळेत जागा नव्हती.
मेंढरं रानात होती.
महिना? कुणाला ठाऊक.
त्यालाही रकाना मोकळा सोडता येईना.

मी शाळेची सोय बघितली, पोरगं जूनला सहाचं व्हावं.
त्यानं बहुतेक वर बघितलं असेल.
दिवस आखडायचा तितका आखडून झालाय,
आता याहून अंधार नाही,
तिथं त्यानं टाक टेकवला.

तोच सूर्य वळतो, आणि महिन्याभरानं
मावळताना अंबाबाईच्या देवळात शिरतो.
पहिल्या सांजेला पायाशी, दुसऱ्या सांजेला कमरेशी,
तिसऱ्या सांजेला, ढग नसला तर, तोंडावर.
एकदा गर्दीत उभा राहून बघितलंय मी.
ढग आला होता. कमरेवरनंच परतला.
माणसं हळहळली, आणि मीही.
पाळकसाहेबांना हे सांगितलेलं नाही.

काल मध्यरात्रीची उपासना सुटल्यावर
पंचगंगेचा पूल ओलांडून चालत निघालो.
तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवली होती.
डिसेंबरात मेंढपाळ उघड्यावर कसे असतील,
असं म्हणणाऱ्या शहाण्यांना इथं आणायला पाहिजे.
चिपाडाच्या जाळाशी म्हाळू, घोंगडं आणि कुत्रं.
घोंगड्यात काहीतरी हलत होतं.
"आत्ताच झालंय," म्हणाला. ओलं होतं अजून.

त्यानं विचारलं,
"आज तारीख काय, मास्तर?"

आयुष्यभर हेच काम केलेला माणूस मी.
पण जीभ वळेना.
म्हटलं, दिवस वाढायला लागलाय, म्हाळू.

"व्हय," तो म्हणाला, कोकराला आईच्या अंगाखाली सारत,
"तिळानं."